बाबांचा फोन कपाटातून बाहेर काढ

प्रश्न : ताई, नऊ वर्षं म्युनिकला राहून कोल्हापुरात परत आलेय. दसरा चौकापासून राजारामपुरीपर्यंत वाढदिवसाचे फ्लेक्स, दारात स्पीकर लावलेली रिक्षा, दिवसभर कर्जाचे नि प्लॉटचे फोन. तिकडे टपालपेटीवर 'जाहिरात नको' अशी चिठ्ठी लावली की पत्रकं येत नसत. नवरा म्हणतो, होईल सवय. बाबा (वय ७४) तर कंटाळून फोन कपाटातच ठेवतात, रंकाळ्यावर फिरायलाही नेत नाहीत. माझंच काही चुकतंय का?

उत्तर : हो, चुकतंय. बाबांची गोष्ट तू एका ओळीत उरकलीस. चौऱ्याहत्तरीचा माणूस एकटा रंकाळ्यावर जातो, घेरी आली तर घरी कळवायला खिशात फोन नाही, आणि तू फ्लेक्सवर चिडतेस! फ्लेक्सकडे पाठ फिरवता येते गं.

जर्मनीत ग्राहकाची आधी संमती नसेल तर जाहिरातीचा फोन करणंच बेकायदा आहे. इथे नकार आपण नोंदवायचा असतो, आणि बाबांचा तो कुणीच नोंदवलेला दिसत नाही. आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बस. त्यांच्याच फोनवरून १९०९ ला, म्हणजे जाहिरातींचे फोन-मेसेज नाकारण्याच्या नंबरला, मेसेज कर : इंग्रजी अक्षरांत 'स्टार्ट', एक जागा सोडून शून्य. दोन सिम असतील तर दोन्हींवरून वेगवेगळा. बहुतेकांचं दुसरं सिम इथेच राहून जातं. बँकेचे ओटीपी यानं बंद होत नाहीत, बाबांना तसं आधीच सांग.

तरीही साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून फोन येतीलच. हे लोक जाहिरातदार म्हणून नोंदणीच न करता जाहिरात करतात, त्यामुळे बाबांच्या नुसत्या नकाराच्या नोंदीनं थांबत नाहीत. ट्रायच्या (दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) डीएनडी अ‍ॅपवर नंबर आणि तारीख टाकून ७ दिवसांच्या आत तक्रार कर. हे काम तुझं, बाबांच्या गळ्यात घालू नकोस. आणि महाद्वार रोडला खरेदी करताना बिलासाठी नंबर मागितला तर देऊ नका. संमती म्हणून तिथे टिक झाली की त्या दुकानापुरता १९०९ चा नकार बाजूला पडतो.

खरा आराम मात्र फोनच्या सेटिंगमध्ये आहे. अँड्रॉइड असेल तर 'डू नॉट डिस्टर्ब' चालू करून कॉल फक्त कॉन्टॅक्ट्सकडून येऊ देत. 'रिपीट कॉलर्स' चालूच ठेव. १५ मिनिटांत त्याच नंबरवरून दुसऱ्यांदा फोन आला तर वाजतो, म्हणजे अनोळखी नंबरवरून कुणी अडचणीत फोन केला तरी पोचेल. त्याआधी दवाखाना, मेडिकल, गॅसवाला, शेजारी, आत्या, सगळ्यांचे नंबर सेव्ह कर. इथे आळस केलास तर दवाखान्याचा फोनही मुका जाईल, बाबा वैतागतील आणि फोन परत कपाटात.

झालं की तुझ्या फोनवरून लावून बघ, वाजला पाहिजे. मग सेव्ह नसलेल्या नंबरवरून लाव : पहिल्यांदा गप्प, लगेच दुसऱ्यांदा वाजला पाहिजे. एवढं जमेपर्यंत बाबांना एकटं रंकाळ्यावर पाठवू नकोस, तू सोबत जा.