घर दोघींचे, वारस मात्र दुसरेच

प्रश्न: सप्रेम नमस्कार. माझी मुलगी आणि तिची जोडीदार सीवूड्सला एका सदनिकेत संसार करीत आहेत. सदनिका मुलीच्या नावावर आहे. कर्जाचा हप्ता दोघी मिळून भरतात. सुरुवातीला आम्हाला हे फार जड गेले, पण आता माझे यजमान आणि मी त्या मुलीला घरचीच मानतो. गणपतीत नैवेद्याचा स्वयंपाकही तिच्याच हातचा असतो. मुलाला मात्र हे अजून पटलेले नाही. आईवडिलांनी स्वीकारले असताना कायद्याने या नात्याला लग्न म्हणावे, हा आग्रह कशासाठी? लग्नाच्या दाखल्यावाचून त्यांचे नेमके काय अडते? (एक आई, नेरूळ)

उत्तर: तुमच्या पत्रातल्या मायेचे मोल मोठे आहे, आणि अशा कितीतरी मुलींना ती वाट्याला येत नाही. तरीही तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच पत्रात आहे: मुलाला हे पटलेले नाही. तुम्हा दोघांची माया तुमच्या हयातीपुरती आहे आणि ती तुमच्या मर्जीवर अवलंबून आहे. हक्काचे तसे नसते. तो कोणाच्या मर्जीवर टिकत नाही.

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार अविवाहित आणि निपुत्रिक स्त्री मृत्युपत्र न करता गेली, तर तिने कमावलेली मालमत्ता तिच्या आईवडिलांकडे जाते, आणि ते हयात नसतील तर वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे तुमच्या घरात तुमच्या मुलाकडे. जिने वर्षानुवर्षे हप्ता भरला, आजारपणात उशाशी बसली, तिचे नाव या यादीत शेवटच्या ओळीतही नाही. लग्न झालेले असते, तर पतीचे नाव पहिल्या ओळीत आले असते, मग त्याने एकही हप्ता भरलेला नसो.

यावर अनेक जण सांगतात की नॉमिनी म्हणून जोडीदाराचे नाव लावले म्हणजे झाले. तसे होत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. त्यानुसार सभासदाच्या मृत्यूनंतर नॉमिनीला केवळ तात्पुरता सभासद करून घेतले जाते, तेही कायदेशीर वारस ठरेपर्यंत. नॉमिनी हा मालक नसून सांभाळणारा असतो, हेच तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअरच्या बाबतीतही कायम केले.

मग हयातीतच अर्धी सदनिका जोडीदाराच्या नावे बक्षीसपत्राने करून द्यावी, असे मनात येईल. इथे फरक रुपयांत दिसतो. महाराष्ट्रात राहते घर पतीला, पत्नीला किंवा मुलांना बक्षीस दिले तर मुद्रांक शुल्क दोनशे रुपये पडते. तुमच्या मुलीने तिच्या जोडीदाराला दिले तर ती कायद्याच्या दृष्टीने परकी व्यक्ती, त्यामुळे शुल्क सदनिकेच्या किमतीच्या टक्केवारीने, काही लाखांत जाऊ शकते. त्याशिवाय प्राप्तिकराच्या नियमानुसार नातेवाईक नसलेल्याकडून पन्नास हजार रुपयांहून अधिक मूल्याची भेट मिळाली, तर ती घेणाऱ्याचे उत्पन्न धरली जाते. पतीपत्नींना यातून सूट आहे. या भेदभावाला आव्हान देणारी एका समलिंगी जोडप्याची याचिका २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आली. सदनिका सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेल्या भूखंडावर असेल, तर हस्तांतरासाठी सिडकोची प्रक्रिया वेगळी पार पाडावी लागेल.

तुमच्या मुलीने आजच करण्यासारखे काम म्हणजे मृत्युपत्र. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. त्या जोडीदाराच्या नसाव्यात. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकांकडे ती अवश्य करावी, आणि शक्य झाल्यास सही करतेवेळी डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे, कारण भाऊ उद्या न्यायालयात गेलाच तर मृत्युपत्र करणारी शुद्धीवर होती का, हाच पहिला प्रश्न विचारला जाईल. मृत्युपत्राने मिळालेल्या मालमत्तेवर वर सांगितलेला भेटीचा कर लागत नाही. मात्र भविष्य निर्वाह निधीचे नॉमिनेशन वेगळे आहे. तिथे कुटुंबाची व्याख्या योजनेने ठरवलेली असून, आईवडील सभासदावर अवलंबून असतील तर त्या कुटुंबाबाहेरच्या व्यक्तीच्या नावे केलेले नॉमिनेशन टिकत नाही.

राहिला दवाखाना. मुलगी शुद्धीवर असेपर्यंत उपचाराला संमती देण्याचा अधिकार तिचाच आहे; प्रश्न येतो तो शुद्ध हरपल्यावर, जेव्हा रुग्णालय नातेवाइकाची सही मागते. मुखत्यारपत्र तिथे कामास येईल या भरवशावर राहू नका, कारण करार कायद्यानुसार देणाऱ्याची मानसिक क्षमता संपली की तेही संपते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने मात्र कोणत्याही सज्ञान व्यक्तीला मानसिक आजारावरील उपचारांसाठी आपला प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली आहे, रक्ताचे नाते असो वा नसो. अखेरच्या आजारातील उपचारांबाबत आगाऊ वैद्यकीय निर्देश करण्याची सोयही आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तिची पद्धत सोपी करून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांचे साक्षांकन पुरेसे ठरवले. हे दोन्ही कागद करून ठेवा. तरीही मधल्या साऱ्या परिस्थिती, उदाहरणार्थ रस्त्यावरचा अपघात आणि तातडीची शस्त्रक्रिया, या कागदांच्या बाहेरच राहतात. विवाहित जोडप्याला यातले काहीही करावे लागत नाही. त्यांचे एका दाखल्यात भागते. तुमच्या मुलीने वकिलाला पैसे देऊन गोळा केलेल्या कागदांच्या गठ्ठ्यानेही तेवढे साधत नाही, हे मला अन्यायाचे वाटते आणि ते मी स्पष्टपणे लिहिते.

प्रश्न: कलम ३७७ गेले, आता कोणालाही कोणाबरोबर राहता येते. मग विवाहाच्या संस्थेलाच हात का लावावा? विवाह संततीसाठी आणि परंपरेने चालत आला आहे. समाजाची तयारी नसताना कायद्याने पुढे धावू नये, असे माझे प्रामाणिक मत आहे. (एक सेवानिवृत्त वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर: आपण आपले मत सभ्यतेने मांडले आहे, म्हणून त्याचा विचार सविस्तर करते.

कलम ३७७ वरील सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. पण तुरुंगाची भीती जाणे आणि नागरिक म्हणून बरोबरीने उभे राहता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या लग्नाला कोणी गुन्हा म्हटले नाही, एवढ्यावर आपण समाधान मानले असते का?

संततीविषयी: विशेष विवाह अधिनियम, १९५४ मध्ये वयाची कमाल मर्यादा नाही, आणि मूल होऊ शकेल असे प्रमाणपत्रही विवाह अधिकारी मागत नाहीत. साठी उलटलेले विधुर आणि विधवा आज त्या कार्यालयात जाऊन लग्न करतात, आणि आपण त्यांचे कौतुकच करतो. उतारवयात एकमेकांची सोबत हे लग्नाचे पुरेसे कारण आहे, हे त्यांच्याबाबतीत मान्य असेल, तर दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या बाबतीत ते अमान्य करण्यासाठी वेगळे कारण द्यावे लागेल, आणि ते मला अजून सापडलेले नाही.

परंपरेविषयी अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण महाराष्ट्रात तरी विवाहाची परंपरा एका जागी थांबलेली नव्हती. विधवेच्या पुनर्विवाहाला १८५६ मध्ये कायद्याने मान्यता दिली, तेव्हा समाज तयार होता असे कोणी म्हणणार नाही. पुढे कित्येक दशके पुनर्विवाह करणाऱ्यांवर बहिष्कार पडत राहिले. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ पासून भटजीवाचून लग्ने लावली, त्यांनाही ‘हे लग्नच नव्हे’ असे ऐकावे लागले. सगोत्र विवाहाला सर्वसाधारण कायदेशीर मान्यता १९४६ मध्ये मिळाली. भिन्न जातींच्या हिंदूंचे विवाह वैध ठरवणारा देशव्यापी कायदा तर १९४९ चा आहे. म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या आजीआजोबांच्या पिढीत जातीबाहेर लग्न केलेल्या जोडप्याला आपण कायद्याने पतीपत्नी आहोत की नाही, याची खात्री नव्हती. त्या काळीही संस्था मोडेल, धर्म बुडेल, मुलांचे काय होईल, हेच आक्षेप होते. विवाहसंस्था टिकली, आणि माझ्या मते ती अधिक न्याय्य झाली म्हणून टिकली.

एक भीती रास्त आहे, आणि तिचे निराकरण कायद्यातच व्हायला हवे. कोणत्याही देवळाला, चर्चला, मशिदीला किंवा पुरोहिताला असे लग्न लावण्याची सक्ती होता कामा नये. मागणी आहे ती नोंदणी विवाहाची, ज्यात धर्मविधीचा संबंध मुळातच येत नाही. शिवाय विवाह म्हणजे नुसते हक्क नव्हेत. पोटगी, परस्परांच्या पालनपोषणाची जबाबदारी, वेगळे होताना न्यायालयाची देखरेख, हे सारे त्याच्याबरोबर येते. आज पंधरा वर्षांच्या संसारानंतर एक जोडीदार दुसऱ्याला घराबाहेर काढू शकतो आणि बाहेर पडलेल्याला दाद मागण्याची जागाच नसते. विवाहाचे बंधन असावे असे मानणाऱ्यांनी, म्हणजे आपल्यासारख्यांनी, खरे तर या मागणीच्या बाजूने उभे राहायला हवे.

प्रश्न: सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला नाही म्हटल्यावर विषय संपला, असे घरचे म्हणतात. ते खरे आहे का? महाराष्ट्र सरकार स्वतः काही करू शकते का? (एक तरुण वाचक, ऐरोली)

उत्तर: विषय संपलेला नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात पाचही न्यायमूर्तींनी विवाहाचा मूलभूत हक्क राज्यघटनेत नाही असे म्हटले आणि विशेष विवाह अधिनियमाचे शब्द बदलण्यास नकार दिला. समलिंगी जोडप्यांच्या नात्याला विवाहाखेरीज अन्य कायदेशीर मान्यता द्यावी का, यावर मात्र मतभेद झाले: तत्कालीन सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल मान्यतेच्या बाजूने, तर न्या. भट, न्या. कोहली आणि न्या. नरसिंह विरोधात, म्हणजे बहुमत विरोधात. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विलोकन याचिकाही फेटाळल्या गेल्या. २०२३ च्या त्या निकालाने पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींना भिन्नलिंगी नात्यात सध्याच्या कायद्यानुसार विवाह करता येतो हे स्पष्ट केले, ही गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते.

या निकालाचा अर्थ एवढाच की हे काम विधिमंडळाचे आहे. संसदेने कायदा करू नये असे न्यायालयाने कुठेही म्हटलेले नाही. केंद्राचा युक्तिवाद होता की अनेक कायद्यांत ‘पती’ आणि ‘पत्नी’ असे शब्द असल्याने सगळी वीण उसवेल. अडचण खरी आहे, पण न सुटणारी नाही. तैवानमध्ये घटना न्यायालयाने २०१७ मध्ये दोन वर्षांची मुदत दिली आणि २४ मे २०१९ पासून तिथे स्वतंत्र कायदा लागू झाला. थायलंडने आपल्या दिवाणी संहितेतील शब्दच लिंगनिरपेक्ष केले. तो बदल २३ जानेवारी २०२५ पासून अमलात आहे. हे देश आशियातलेच आहेत.

आता महाराष्ट्राविषयी, कारण यावर आपल्याकडे फार कमी बोलले जाते. विवाह हा विषय समवर्ती सूचीत आहे. राज्य विधिमंडळ कायदा करू शकते, पण तो केंद्राच्या कायद्याशी विसंगत ठरल्यास राष्ट्रपतींची संमती लागेल. तो रस्ता लांबचा आहे हे मान्य. पण वर नेरूळच्या आईंना सांगितलेल्या अडचणी आठवा. बक्षीसपत्रावरचे मुद्रांक शुल्क, सहकारी गृहनिर्माण संस्थांचा कायदा, रुग्णालयांचे नियम, हे सारे प्रामुख्याने राज्याच्या अखत्यारीत येते. दोन सज्ञान व्यक्तींनी शपथपत्राने एकमेकांना जोडीदार म्हणून घोषित केले असेल तर त्यांना दोनशे रुपयांच्या शुल्काची सवलत द्यावी, सभासदाच्या मृत्यूनंतर त्या घरात राहणाऱ्या जोडीदाराला बाहेर काढता येऊ नये, रुग्णालयाने तिची सही ग्राह्य धरावी, एवढे करण्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याची गरज नाही. मद्रास उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटले की कुटुंब स्थापन करण्याचा विवाह हा एकमेव मार्ग नव्हे. त्या विचाराला कायद्याचे रूप देणारे पहिले राज्य महाराष्ट्र असावे, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. आपल्या मतदारसंघाच्या आमदारांना या तीन मागण्या लेखी द्या. अधिवेशनात प्रश्न विचारला जाण्यासाठी त्या पुरेशा नेमक्या आहेत. पण या तिन्ही मान्य झाल्या तरी वारसाहक्क आणि भविष्य निर्वाह निधी केंद्राच्या कायद्यांत अडकलेले राहतील, म्हणून विवाहाच्या मान्यतेची मागणी सोडता येणार नाही.

प्रश्न: आम्हा दोघांना संयुक्त बचत खाते उघडायचे आहे. शाखेत ‘नाते काय’ असे विचारून परत पाठवले. (एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे)

उत्तर: संयुक्त खात्यासाठी कोणतेही नाते असण्याची अट कधीच नव्हती. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या वित्तीय सेवा विभागाने ऑगस्ट २०२४ मध्ये तसे लेखी स्पष्ट केले असून, समलिंगी नात्यातील जोडीदाराला खात्याचा नॉमिनीही करता येते. त्या स्पष्टीकरणाची प्रत सोबत न्या आणि अर्ज लेखी द्या. अर्ज नाकारला तर नकारही लेखी मागा, बँकेच्या तक्रार कक्षाकडे जा, आणि तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. तिला शुल्क लागत नाही. शिधापत्रिकेसाठीही अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातले मानावे, असे केंद्राने राज्यांना कळवले आहे, तेव्हा तो अर्जही लगोलग करून टाका.