तो आपला कधी होणार?

"कितीही केलं तरी तो आम्हाला आपलं मानत नाही." नात्यातलं मूल सांभाळणाऱ्या घरांतून हे गाऱ्हाणं माझ्याकडे सारखं येतं. नणंदेच्या मुलाला घरी आणलेल्या एका मामींचंही तेच होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगा आठ वर्षांचा. वडील आधीच गेलेले, आई 2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेली. मग आजी, काका, आत्या आणि आता मामा. प्रत्येक घराबरोबर शाळाही बदललेली. उशीच्या अभ्र्याला मुंग्या लागल्या तेव्हा मामींना आत वाळलेल्या चपातीचे तुकडे सापडले. "लोकांना वाटेल आम्ही याला उपाशी ठेवतो," त्या म्हणाल्या. मामा एकदा चिडून बोलून गेले होते, "असंच वागायचं असेल तर आत्याकडे पाठवून देईन."

हे वाक्य घरातून कायमचं बंद करा, हे मी सगळ्यात आधी सांगितलं. इतर मुलांना ती नुसती धमकी वाटते. हा ते भोगून आला होता. चपाती लपवणं ही चोरी नव्हती, उद्या या घरातूनही निघावं लागलं तर त्याची बेगमी होती.

मग एक झाकणाचा डबा त्याच्या नावाचा झाला. मामींनी रोज संध्याकाळी त्याच्यासमोर त्यात लाडू-चिवडा भरायचा. कधी खाल्लास, किती खाल्लास, काही विचारायचं नाही. सुरुवातीला डबा रोज रिकामा. "लाडू वळून हात दुखले हो," असा त्यांचा फोन. हळूहळू तो उघडायचाच राहू लागला आणि एक दिवस आतला चिवडा मऊ पडलेला निघाला. इतका आनंद मला क्वचितच होतो!

बाकी गोष्टी साध्याच होत्या. बाहेर जाताना परतायची वेळ सांगायची, उशीर झाला तर फोन करायचा. रडेल म्हणून कपाटात ठेवलेला आईचा फोटो भिंतीवर लावायचा.

आणि मग तो बिघडला, म्हणजे मामींच्या मते. उलट बोलू लागला, एकदा ताट ढकलून म्हणाला, "तू माझी आई नाहीस." आत्याकडे म्हणे किती गुणी होता! परक्या घरात फार शहाण्यासारखं वागणाऱ्या मुलाची मला जास्त काळजी वाटते. हा आता रागावू शकत होता, कारण रागावलं तरी घर सुटणार नाही असं त्याला थोडं थोडं वाटू लागलं होतं. मामींना म्हटलं, "सांगा त्याला, नाहीच मी आई, मी मामी आहे. सांडलेलं पूस, दुसरं वाढते."

मामांची शंका वेगळी होती: वय निघून गेलं का? रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये 2000 साली अनाथालयांतल्या 136 लहानग्यांवर अभ्यास सुरू झाला. निम्म्यांना संगोपन करणाऱ्या कुटुंबांत ठेवलं. साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना सर्वाधिक फायदा झाला, हे खरं. पण मुलं आठ वर्षांची झाल्यावर तपासलं तेव्हा, जी मुलं त्याच कुटुंबात टिकली होती त्यांची बौद्धिक प्रगती घर बदललेल्यांपेक्षा चांगली दिसली. शिवाय आपल्या या मुलाला सहा वर्षं आई मिळाली होती. त्याला माया ठाऊक होती, भरवसा तेवढा उडाला होता.

खर्चाचं म्हणाल तर मामा-मामींना राज्याच्या बाल संगोपन योजनेची माहितीच नव्हती. नातेवाइकांकडे वाढणाऱ्या अनाथ मुलांसाठीही तिच्यातून दरमहा मदत मिळते. जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात अर्ज करायचा, आदेश बाल कल्याण समिती देते.

परवा मामींनी विचारलं, "मे महिन्यात आत्या न्यायला येतेय, पाठवू का?" तो हो म्हणत असेल तर जरूर पाठवा. परतीची तारीख कॅलेंडरवर त्याच्याच हाताने लिहून घ्या, दप्तर आणि सायकल इथेच राहू द्या, रोज एक फोन करा. आणि त्या तारखेला मामांनी रजा टाकून का होईना, स्वतः आणायला जावं.