जीचं उत्तर ९.८१ का येत नाही?

प्रश्न: भाऊ नमस्कार, मी ११वी सायन्सला आहे. सिंपल पेंडुलमच्या (दोऱ्याला टांगलेला झुलता गोळा) प्रॅक्टिकलला माझं जीचं, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाचं, उत्तर ९.६८, ९.७२, ९.६६ असं आलं. बाजूच्या पोराने स्टॉपवॉचला हात न लावता ९.८१ लिहिलं आणि त्याला सही मिळून गेली. माझं चुकलं का?
— एक विद्यार्थी, चोपडा

उत्तर: अरे, मला तुझं जर्नल जास्त खरं वाटतं, आणि हे तुझी समजूत काढायला म्हणत नाहीये. मुळात ९.८१ हा आपल्याकडचा आकडाच नाही. १९०१ साली ९.८०६६५ ही स्टँडर्ड व्हॅल्यू ठरली ती ४५ अंश अक्षांश आणि समुद्रसपाटी धरून, म्हणजे फ्रान्स-इटलीकडचा भाग, आणि आपला खान्देश २१ अंशावर. पृथ्वी फिरते आणि विषुववृत्तापाशी थोडी फुगलेली आहे, म्हणून तिकडे जावं तसा जी कमी होतो, चोपडा-जळगावकडे साधारण ९.७९ भरतो.

आता तुझं रीडिंग. स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंद इकडे-तिकडे होतातच. मीटरभर लांबीचं एक दोलन, म्हणजे गोळ्याचं एकदा जाऊन परत येणं, २ सेकंदांचं, एकच मोजलं तर १० टक्के तिथेच गेले, म्हणून तर २० मोजायला लावतात, मग तेच ०.२ सेकंद ४० सेकंदांत पडतात, अर्धा टक्का. सूत्रात वेळेचा वर्ग आहे म्हणून जीमध्ये दुप्पट, १ टक्का, म्हणजे ०.१. एवढी अनिश्चितता कुणाच्याही हातून राहणारच, तिला चूक म्हणू नको.

पण मला खटकतं ते हे की तिन्ही उत्तरं ९.७९ च्या खालीच आहेत. नुसती हाताची गडबड असती तर एखादं वर जायला हवं होतं. माझा संशय लांबीवर आहे, तू दोरा हुकापर्यंतच मोजला असशील, लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते. मीटरमधला १ सेंटीमीटर सुटला की जी १ टक्क्याने उतरतो, ९.६९ च्या आसपास, जवळपास तुझ्याइतकाच. ही त्रुटी शंभर वेळा मोजून सरासरी काढली तरी जात नाही, कापसाचा काटा रिकामाच अर्धा किलो दाखवत असेल तर गाठोडं दहादा ठेवून काय उपयोग? व्हर्नियरने (बारीक मापं घ्यायच्या कॅलिपरने) गोळ्याचा व्यास मोज, त्याचा निम्मा आणि हुक लांबीत मिळव, वेळा त्याच ठेवून परत गणित कर.

आणि कॅल्क्युलेटरवरचे सगळे आकडे उतरवू नको, ९.८ ± ०.१ एवढंच लिही. सरांनी ९.८१ का नाही विचारलं तर अक्षांशाचं सांग, पण ९.७९ आणि ९.८१ मधला ०.०२ चा फरक या स्टॉपवॉचने दिसणार नाही, हेही सांग.