परसबाग – वाचकांचे प्रश्न : फुले येतात, फळ का धरत नाही?

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांच्या शेवटी ‘कोणते खत घालावे?’ असा एकच प्रश्न आहे. येथे निवडलेल्या प्रश्नांचे उत्तर मात्र खताच्या पिशवीत नाही.

प्रश्न : दुधी भोपळ्याचा वेल मांडवभर पसरला आहे, पाने मोठी व हिरवीगार आहेत. फुले भरपूर येतात आणि गळून जातात. क्वचित बोटाएवढे फळ दिसते, तेही पिवळे पडून सुकते. कोणते खत द्यावे?

उत्तर : आपल्या पत्रात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करू. दुधीच्या वेलावर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. लांब, बारीक देठावरचे फूल नर असते. ज्या फुलाच्या खाली लव असलेला इवलासा दुधी आधीच दिसतो, ते मादी. सुरुवातीला बहुधा नर फुलेच येतात आणि उमलून झाल्यावर ती गळणारच, त्याची काळजी नको. बोटाएवढे होऊन पिवळे पडणारे जे आपण पाहिले, ते परागीभवन न झालेले मादी फूल होय.

दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात आणि दुसऱ्या दिवशी मलूल होतात. दिवसा फिरणाऱ्या मधमाश्यांचा येथे फारसा उपयोग होत नाही. हे काम मुख्यतः निशाचर पतंगांचे आहे आणि गच्चीत ते पुरेसे येतीलच असे नाही. म्हणून दिवेलागणीच्या सुमारास नुकतेच उमललेले नर फूल देठासह तोडावे, त्याच्या पाकळ्या मागे दुमडाव्यात आणि मधला परागकोश मादी फुलाच्या मध्यावर हलक्या हाताने फिरवावा. परागकोशाला बोट लावल्यावर भुकटी बोटाला चिकटली, तर फूल योग्य आहे असे समजावे. परागीभवन साधले, तर काही दिवसांतच फळ फुगू लागते. काकडीच्या पिवळ्या फुलांसाठी हेच काम सकाळी करावे लागते.

खताविषयी एवढेच, की पानांचा असा माजलेला हिरवेपणा बहुधा नत्र जास्त झाल्याचे लक्षण असते. तेव्हा शेणखत व पेंड काही काळ थांबवावी. मुख्य वेलाचा शेंडा खुडल्यास बगलफुटी येतात आणि मादी फुले त्यांच्यावर अधिक लागतात.

प्रश्न : कुंडीतील टोमॅटोचे बूड काळे पडून आत दबते. कॅल्शियमसाठी अंड्याची टरफले घातली, तरी फरक नाही.

उत्तर : कॅल्शियमची उणीव हे निदान बरोबर आहे, पण ती फळात आहे, मातीत असेलच असे नाही. कॅल्शियम पाण्याबरोबरच झाडात चढते आणि बाष्पीभवन पानांतून जास्त होत असल्याने पानांकडे अधिक जाते. कुंडी एक दिवस कोरडी आणि दुसऱ्या दिवशी चिंब असेल, तर फळाच्या टोकापर्यंत ते पोहोचत नाही. टरफले मातीत फार सावकाश विरघळतात, त्यामुळे चालू हंगामात त्यांच्यावर विसंबू नये. कुंडी निदान ३० सेंटिमीटर खोल घ्यावी, मातीवर वाळलेल्या पानांचा थर पसरावा आणि बोट रोवून वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर कोरडा लागला की भरपूर पाणी द्यावे. हा संसर्गजन्य रोग नव्हे, म्हणून फवारणीचीही गरज नाही. काळी पडलेली फळे काढून टाकावीत.

प्रश्न : कोथिंबीर हाताएवढी होण्याआधीच तुऱ्यावर येते. उपाय काय?

उत्तर : उष्णता, लांबलेला दिवस आणि मुळांना बसलेला धक्का ही त्याची नेहमीची कारणे आहेत. म्हणून रोपे करून लावण्याऐवजी बी थेट जागेवर पेरावे आणि उन्हाळ्यात दुपारची सावली मिळेल असे पाहावे. एका धण्यात दोन बिया असतात; धणे हलके रगडून त्यांच्या दोन फाका कराव्यात, पीठ होऊ देऊ नये. एकदाच पेरण्यापेक्षा दर दोन-तीन आठवड्यांनी थोडे थोडे पेरलेले बरे, कारण तुरा खुडून झाडाला पुन्हा पानांवर आणण्याचा प्रयत्न सहसा फसतो. आलेला तुरा मात्र लगेच उपटू नये. त्याच्या बारीक पांढऱ्या फुलांवर येणाऱ्या काही माश्यांच्या अळ्या मावा खातात, आणि शेजारच्या वांग्या-मिरचीला त्याचा फायदा होतो.

प्रश्न : वाफ्यात लावलेला पुदिना इतर झाडांत घुसला आहे.

उत्तर : तो घुसणारच. जमिनीलगत धावणाऱ्या खोडांचे सारे तुकडे खणून काढावेत आणि पुदिना स्वतंत्र, पसरट कुंडीत लावावा. काढलेले तुकडे ओले असताना कंपोस्टात टाकू नयेत, तेथेही ते रुजतात. आधी उन्हात कडकडीत वाळवावेत.