बिघडत्या डिस्कवरची फाइल सिस्टिम सोडवताना

प्रश्न : माझ्या लिनक्स संगणकाला जोडलेली बाहेरची हार्ड डिस्क खडखडू लागली आहे. अनमाउंट करताना, म्हणजे तिची फाइल सिस्टिम संगणकापासून सोडवताना, ‘टार्गेट इज बिझी’ असा संदेश येतो आणि तिच्यावर अडकलेला प्रोग्राम ‘किल’ आज्ञेला ९ हा सिग्नल देऊनही संपत नाही. ‘लेझी’ अनमाउंट करून डिस्क काढून घेतली तर चालेल का?

उत्तर : कृपया तसे करू नका. ‘लेझी’ अनमाउंटने फाइल सिस्टिम फक्त डिरेक्टरींच्या रचनेतून दिसेनाशी होते; उघड्या फाइली उघड्याच राहतात आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्या डिस्कशी झगडतच राहतो. शिवाय माउंटच्या यादीतून नाव गेल्यामुळे तिला कोणी धरून ठेवले आहे, हे शोधणे अधिक अवघड होते. अनमाउंटचा सक्तीचा ‘एफ’ पर्याय मुख्यतः संपर्क तुटलेल्या एनएफएससाठी, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेल्या फाइल सिस्टिमसाठी आहे. तुमच्या डिस्कवर त्याचा उपयोग होण्याची शक्यता कमीच.

प्रोग्राम संपत नाही, कारण तो ‘डी’ अवस्थेत, म्हणजे डिस्कच्या उत्तराची वाट पाहत थांबलेला आहे, आणि ते उत्तर किंवा त्रुटी हाती येईपर्यंत सिग्नल त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. कर्नल अशा डिस्कच्या प्रत्येक वाचन-लेखन आज्ञेसाठी सामान्यतः ३० सेकंद थांबतो, मग पुन्हा प्रयत्न करतो, डिस्क रीसेट करतो. त्यामुळे एकाच खराब सेक्टरपायी कित्येक मिनिटे जाऊ शकतात. म्हणून आधी ‘डीमेसेज’ (dmesg) आज्ञेने कर्नलचे संदेश पाहत थोडा धीर धरा आणि डिस्क कोण वापरत आहे हे दाखवणाऱ्या ‘फ्यूजर’ (fuser) आज्ञेने सापडणारे बाकीचे प्रोग्राम बंद करा.

तरीही काही हलले नाही, तर फाइल सिस्टिमऐवजी डिस्कचाच कर्नलशी असलेला संबंध तोडावा लागतो. ‘सिस’ (/sys) मधील ‘ब्लॉक’ डिरेक्टरीत त्या डिस्कच्या नावाखाली ‘डिव्हाइस’ असते. रूट वापरकर्ता होऊन तिथल्या ‘स्टेट’ फाइलीत ‘ऑफलाइन’ आणि त्यानंतर ‘डिलीट’ फाइलीत १ लिहा. नाव दोनदा तपासा, कारण एका अक्षराच्या चुकीने चालू सिस्टिमच्याच डिस्कचा संबंध तुटेल. रखडलेल्या विनंत्या त्रुटी घेऊन परततात, अडकलेले प्रोग्राम बहुधा सुटतात आणि मग साधे अनमाउंटही होते. मेमरीत असलेला, पण डिस्कवर न उतरलेला मजकूर मात्र जातो. ही किंमत जाणूनच हे पाऊल उचला.

डिस्क पुन्हा जोडण्याआधी आपोआप माउंट होण्याची सोय बंद करा. फाइल सिस्टिम तपासणारी ‘एफएसचेक’ (fsck) आज्ञा तिच्यावर मुळीच चालवू नका, कारण दुरुस्तीच्या नावाखाली ती मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर लिहिते. त्याऐवजी ‘डीडीरेस्क्यू’ (ddrescue) या प्रोग्रामने, कोणता भाग वाचून झाला याची नोंद ठेवणारी नकाशा फाइल ठेवून, तिची संपूर्ण प्रत धडधाकट डिस्कवर उतरवा, ते सहज वाचता येणारा भाग आधी घेते आणि मध्येच थांबले तरी त्या फाइलीमुळे तिथूनच पुढे सुरू होते. दुरुस्ती करायची ती या प्रतीची. आणि डिस्कवरची फाइल सिस्टिम ‘ईएक्सटी४’ (ext4) असेल, तर ‘केवळ वाचन’ म्हणून माउंट केल्यावरही कर्नल जर्नलमधील, म्हणजे बदलांच्या नोंदवहीतील, मूळ जागी अजून न लिहिलेल्या नोंदी डिस्कवर उतरवतो. मूळ डिस्क माउंट करणे अटळच असेल, तर ‘केवळ वाचन’बरोबर ‘नोलोड’ (noload) हा पर्यायही द्या.