८० व्होल्ट मर्यादेच्या सर्वो ड्राइव्हला (सर्वो मोटर चालवणाऱ्या सर्किटला) एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) लावू की ट्रान्सफॉर्मर?

घरच्या सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या कटिंग मशीनवर) तीन डीसी सर्वो असतील तर मी ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड) आणि मोठा कपॅसिटरच सुचवेन. सर्वो ब्रेक मारतो तेव्हा मोटर जनरेटर बनते आणि ऊर्जा सप्लायकडे परत ढकलते. साधा एसएमपीएस त्या वेळी बऱ्याचदा ट्रिप होतो, म्हणजे स्वतःहून बंद पडतो. मोठा कपॅसिटर ती पचवतो.

ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी (आउटपुटची वाइंडिंग) ४५ व्होल्टची घ्या. १.४१४ ने गुणून डायोडचे दीड व्होल्ट वजा केले की साधारण ६२ व्होल्ट डीसी. ८० च्या अगदी जवळ जाऊ नका: लाइन १० टक्के चढते, लोड नसताना ट्रान्सफॉर्मर आणखी वर जातो, त्यात ब्रेकिंगची भर.

५० हर्ट्झवर कपॅसिटर दर १० मिलिसेकंदांनी भरतो. १० अँपिअर लोड आणि ५ व्होल्ट रिपल (व्होल्टेजमधला चढउतार) धरला तर २०,००० मायक्रोफॅरड, १०० व्होल्ट रेटिंगचा. त्यावर २.२ किलोओहम, ५ वॉटचा ब्लीडर (बंद केल्यावर कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर) हवाच. बंद केल्यावरही तीन-चार मिनिटं हात लावू नका, आधी मीटरने मोजा.

इमर्जन्सी स्टॉपने एसी बाजू तोडा. कपॅसिटर आणि ड्राइव्हच्या मधली तार तोडली, तर परत येणाऱ्या ऊर्जेला जागाच उरत नाही आणि ड्राइव्हची मॉस्फेट (मोटरचा करंट स्विच करणारे ट्रान्झिस्टर) जळतात. ॲक्सिस (मशीनचा सरकणारा भाग) जड असेल तर ब्रेक रेझिस्टरही (जास्तीची ऊर्जा उष्णतेत जिरवणारा) बसवा.