मोठ्या पाइकसाठी रबरी ल्युअर कोणतं घ्यावं आणि त्याला गळ कुठे टोचावेत?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: मीटरभर लांबीच्या पाइकसाठी (थंड, गोड्या पाण्यातला दातेरी शिकारी मासा) सॉफ्ट ल्युअर, म्हणजे मऊ रबराचं खोटं भक्ष्य, किती मोठं हवं, रंग कोणता, आणि जिगहेडवर (वजनदार डोक्याच्या एकेरी गळावर) चढवलेला २५ सेंटीमीटरचा रबरी मासा पाइक धरतात खरे, पण होडीजवळ येऊन सोडून का देतात. तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण खरी अडचण तिथे आहे. ती सुटली नाही तर कितीही महागाचं ल्युअर आणा, मासा हाती लागायचा नाही.

पाइक भक्ष्य आडवं धरतो. खालच्या जबड्यातले सुळे त्यात रुततात, आणि टाळूवरचे शेकडो बारीक दात घशाच्या दिशेने कललेले असतात, म्हणून धरलेली वस्तू आत जाऊ शकते, बाहेर सरकत नाही. मग तो ती फिरवून घेतो आणि डोक्याकडून गिळतो. आता तुमचं ल्युअर बघा. शंभर-सव्वाशे ग्रॅम मऊ रबर, आणि गळ एकच, तोही डोक्यामागे पाठीतून वर आलेला. पाइकने ते मधोमध धरलं की दात रबरात बसतात. तुम्ही झटका मारता, पण रबर जागचं हलत नाही, म्हणून गळही हलत नाही. कित्येकदा गळाचं टोक तोंडाच्या बाहेरच असतं. रॉड वाकलाय, मासा डोकं झाडतोय, सगळं झकास चाललंय असं वाटतं. प्रत्यक्षात तो गळाला लागलेलाच नसतो. त्याने आपल्या मर्जीने धरून ठेवलेलं असतं. होडी दिसली की तोंड उघडतो आणि चालू लागतो.

म्हणजे मोठ्या ल्युअरच्या बाबतीत एकच गोष्ट पक्की धरायची: झटका बसताच गळ रबरातून सुटून माशात गेला पाहिजे. बाकीची सगळी मांडणी यातूनच ठरते.

त्यासाठी जिगहेड बाजूला ठेवा आणि स्क्रूचा रिग (गळ आणि तारांची जोडणी) वापरा. बूच काढायच्या स्क्रूसारखा पीळदार तुकडा ल्युअरच्या नाकात फिरवून बसवायचा. त्याच्या पुढच्या कडीला लीडर (दोरीच्या टोकाचा, दातांना टिकणारा तुकडा) जोडायचा आणि त्याच कडीतून मागे दोन तारा सोडायच्या, एक आखूड, एक लांब. प्रत्येक तारेच्या टोकाला एक ट्रेबल, म्हणजे तीन टोकांचा गळ. म्हणजे माशाचा सगळा ताण तारेतून थेट लीडरवर येतो, स्क्रूला फक्त रबराचं नाक धरून ठेवायचं काम उरतं. स्क्रू नाकाच्या बरोबर मध्यावर आणि सरळ गेला पाहिजे. जरा तिरका गेला तरी ल्युअर एका कुशीवर पोहतं. पहिल्यांदा भोक पाडताना घाई करू नका, कारण चुकीचं भोक पडलं की स्क्रू पुन्हापुन्हा त्याच वाटेने जातो.

ट्रेबल २०-२५ सेंटीमीटरच्या ल्युअरला १/० ते ३/० आकाराचे. तीनपैकी एकच पाता रबरात टोचायचा, तोही जेमतेम टिकेल इतका वरवर, आणि बाकीचे दोन मोकळे बाहेर. टोचायच्या पात्याचा काटा (टोकामागचा उलटा दात) पकडीने दाबून सपाट केला तर तो आणखी सहज निसटतो. काही रिगमध्ये ट्रेबलच्या दांड्यालाच एक छोटी टाचणी असते, ती रबरात जाते आणि तिन्ही पाते मोकळे राहतात. ते उत्तमच. पहिला ट्रेबल डोक्यापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर, दुसरा दोन तृतीयांशच्या आसपास. त्याच्याही मागे नेऊ नका. शेपटीच्या मुळाशी गळाचं वजन आलं की शेपटी मरते, आणि तसंही मोठा पाइक शेपटी कुरतडत बसत नाही, डोकं नाहीतर मधला भाग धरतो.

इथे एक बारीक गोष्ट आहे, जी बाजारातल्या तयार रिगमध्येही हमखास चुकलेली दिसते. गळ टोचून झाले की ल्युअर दोन्ही बाजूंनी हातात धरा आणि डावीकडे-उजवीकडे वाकवा. तार ताणली जाऊन रबराला अडवत असेल तर ती आखूड आहे. पाण्यात ते ल्युअर लाकडाच्या फळीसारखं सरळसोट येईल. दोन गळांपर्यंतच्या तारेला किंचित ढील हवी, पण इतकी नको की फेकताना तारेचा फास शेपटीत अडकेल. तार ७×७ विणीची (सात पेडांची, प्रत्येक पेडात सात बारीक तारा) घ्या, ती लवचिक असते. एकेरी जाड तार स्वस्त पडते, पण दोन-तीन माशांत तिला कुरळ्या वळ्या पडतात.

गळ पोटाकडे लावायचे की पाठीकडे? तळाशी लाकूडफाटा, दगड, दाट वनस्पती असेल तर पाठीकडे. मोकळ्या पाण्यात मी पोटाकडे लावतो. गळांचं वजन खाली राहिल्याने ल्युअर स्थिर पोहतं, आणि पाइक बहुतेक वेळा खालून येतो. त्याचे डोळे डोक्यावर, वरच्या बाजूला असतात, त्यामुळे वरची हालचाल त्याला चटकन दिसते. याचाच दुसरा अर्थ असा की ल्युअर माशाच्या थोडं वर चालवा, खाली नाही.

हाच विचार वेगळ्या मार्गाने केलेली ल्युअरही मिळतात. सॅव्हेज गिअरच्या लाइन थ्रू ट्राउटमध्ये लीडर ल्युअरच्या अंगातून आरपार जातो. मासा लागला की रबरी देह दोरीवर सरकून वर जातो आणि गळ एकटा तोंडात राहतो. जड ल्युअर तोंडाबाहेर हेलकावत असलं की डोकं झाडताना त्या वजनानेच गळ उचकटतो, तो धोका इथे जातो. बुलडॉग हे अमेरिकेत मस्कीसाठी (पाइकच्या जातभाई माशासाठी) बनवलेलं ल्युअर याच्या उलट टोकाचं: त्याचा सांगाडा आणि गळ कारखान्यातच आत बसवलेले असतात. वाकड्या शेपटीचं ते ल्युअर पाइकही आवडीने धरतात, पण फाटलं की रिग काढून दुसऱ्या रबरात लावायची सोय नाही.

वजनाबद्दल. बिनवजनाचा रबरी मासा बहुधा अगदी सावकाश बुडतो, एक-दोन मीटर पाण्यात तेवढं पुरतं. त्याहून खोल जायचं तर १०-२० ग्रॅम, आणि खरंच खोल पाण्यात ३०-६० ग्रॅम. वजन नाकाशी लावलं तर थांबताक्षणी ल्युअर डोकं खाली करून डुबकी मारतं. पोटाखाली, पहिल्या ट्रेबलच्या जरा पुढे टाचलं तर ते आडवंच खाली उतरतं. थंड पाण्यात मला दुसरा प्रकार हवा असतो, कारण सुस्त मासा डुबकीच्या मागे धावत नाही, समोरून सावकाश उतरणारं भक्ष्य मात्र उचलतो. जिगहेड टाकाऊ आहे असं नाही. होडीखाली सरळ खोल सोडायचं असेल तर तो सोयीचा, फक्त मागे एक जादा ट्रेबल तारेवर लावाच.

आता ल्युअरची निवड. लांबीवर जाऊ नका. पाकिटावर ३० सेंटीमीटर लिहिलेला सापासारखा बारीक रबरी मासा आणि २० सेंटीमीटरचा पण जाडजूड पोट असलेला मासा यांत पाण्याला जास्त धक्का दुसरा देतो. पाइकला तो धक्का अंगावरच्या पार्श्वरेषेतून आणि डोक्यावरच्या संवेदी छिद्रांतून जाणवतो, गढूळ पाण्यात तर दिसण्याआधीच. म्हणून बघायची गोष्ट म्हणजे देहाची उंची आणि जाडी. आणि मोठं ल्युअर लावलं की लहान मासे येणार नाहीत, हा भ्रम काढून टाका. साठ सेंटीमीटरचा पाइकही २५ सेंटीमीटरवर तुटून पडतो. फक्त त्यांचं प्रमाण कमी होतं आणि मोठ्या मादीला उठून येण्याजोगा ऐवज दिसतो. मीटरच्या पुढचे पाइक जवळजवळ सगळे माद्याच असतात. आकाराचा अंदाज यावा म्हणून सांगतो: मीटरभर मासा साधारण सात-आठ किलोचा भरतो, आणि आयजीएफए या आंतरराष्ट्रीय मासेमारी संस्थेच्या नोंदीतला विक्रमी पाइक, १९८६ मध्ये जर्मनीत पकडलेला, सुमारे २५ किलोचा होता.

शेपटी दोन प्रकारची. चपट्या वल्ह्यासारखी शेपटी ठणठण धक्के देते आणि अंगही डोलवते. कोयत्यासारखी वळलेली लांब शेपटी अगदी मंद वेगातही लहरते. दोन्ही एकाच पद्धतीने तपासा. होडीच्या कडेने, डोळ्यांसमोर, जमेल तितकं हळू ओढा. ज्या वेगाला शेपटी चालायची थांबते, तो त्या ल्युअरचा खालचा वेग. चांगल्या ल्युअरमध्ये तो जवळजवळ शून्य असतो. कडक रबराच्या, शेपटीचं मनगट जाड असलेल्या ल्युअरला जोरात ओढावं लागतं, आणि पाच-सहा अंशांच्या पाण्यात तो वेग उपयोगाचा नाही. मऊ रबर जास्त फाटतं, हे मान्य करूनच मऊ घ्या. फाटलेल्या कडा सुरीच्या तापवलेल्या पात्याने वितळवून पुन्हा चिकटतात, फक्त ते उघड्या हवेत करा, धूर वाईट असतो. पीव्हीसी आणि टीपीई या दोन वेगळ्या मऊ प्लास्टिकची ल्युअर एका कप्प्यात ठेवू नका, एकमेकांना लागून दोन्ही चिकट लगदा होतात.

ऋतूनुसार थोडं बदलावं लागतं. वसंतात बर्फ वितळल्यावर पाइक उथळ, वनस्पतींच्या पाण्यात अंडी घालतात. त्यानंतर काही दिवस थकलेल्या माद्यांना १५-२० सेंटीमीटरचं, जवळजवळ तरंगत जाणारं ल्युअर बरं. शरदात पाणी थंडावत गेलं की २५-३० सेंटीमीटर. उन्हाळ्यात मोठे मासे थंडाव्यासाठी खोल जातात. पाणी २० अंशांच्या वर गेलं की मी मोठ्या पाइकच्या वाटेला जातच नाही. झुंजीनंतर सोडलेला मासा त्या पाण्यात सावरेलच याची खात्री नसते.

सव्वाशे-दीडशे ग्रॅमचं ल्युअर फेकायला तेवढ्या वजनाचा रॉड लागतोच, झटक्यालाही. फेकताना चाबकासारखं झटकू नका, सावकाश वजन मागे नेऊन ढकला. दोरी ०.३० मिलिमीटरच्या आसपासची ब्रेड, म्हणजे विणलेली, लीडर किमान अर्धा मीटर, तारेचा किंवा ०.९-१ मिलिमीटरच्या फ्लुरोकार्बनचा (कडक प्लास्टिकच्या एकेरी दोरीचा). फ्लुरोकार्बन वापरत असाल तर प्रत्येक माशानंतर त्यावरून नख फिरवा, खाच लागली की तो तुकडा कापा. मासा धरल्याचं जाणवलं की लगेच उचलू नका. रिळाची मूठ फिरवत राहा, वजन हाताला आलं की रॉड खाली ठेवून आडवा, जोरात झटका. ड्रॅग (ताण आला की दोरी सुटू देणारा रिळाचा ब्रेक) त्या क्षणी जवळजवळ बंद हवा, नंतर सैल करता येतो.

दोन ट्रेबल म्हणजे सहा टोकं, ती जाळ्यात, माशात आणि तुमच्या बोटात एकाच वेळी असू शकतात. रबराचा थर दिलेलं मोठं जाळं, लांब पक्कड आणि गळ तोडणारा मजबूत कटर हाताशी नसेल तर हा रिग लावू नका. गळ खोल गेला तर ओढाताण न करता तोडा. मासा जाळ्यातच, पाण्यातच ठेवून गळ काढा. फोटो हवा असेल तर सगळी तयारी झाल्यावरच उचला, आणि कल्ल्याच्या झाकणाखाली बोटं घालताना लाल कल्ल्यांना स्पर्श होऊ देऊ नका. काही पाण्यांवर गळांची संख्या किंवा काटे यांवर बंधन असतं, तिथे दोन ट्रेबलऐवजी दोन मोठे एकेरी गळ याच तारांवर बसतात.

राहिला रंग. त्यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, मला तो सगळ्यात कमी महत्त्वाचा वाटतो. स्वच्छ पाण्यात तिथल्या माशांच्या जवळ जाणारा चंदेरी-हिरवा, गढूळ पाण्यात किंवा मावळतीला पूर्ण काळा नाहीतर भडक नारिंगी-पिवळा. एकाच ल्युअरचे हे दोन रंग आणि वेगवेगळ्या वजनाचे तीन रिग घ्या. तेवढ्याच पैशात दहा रंग घेण्यापेक्षा हे जास्त कामाला येईल.